सोमवार : सर येतील

पास्कोल,

शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लेख मागितला आहे. तुझा जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षे आणि मिळालेले पुरस्कार दुसरे कोणी लिहील. पुरस्कार एकही नसल्यामुळे त्याचे काम थोडके आहे. मी तुलाच लिहितो. आपला वाद अर्धा राहिला आहे, आणि ज्याच्याविरुद्ध म्हणणे मांडायचे त्याच्या समक्षच मांडावे, एवढे तरी मी दिवाणी कोर्टाच्या नोकरीत शिकलो.

आपण शाळेच्या बाकापासून मालवणीत भांडत आलो. कागद पुढे आला की मात्र माझ्याकडे कोर्टाचीच मराठी येते. "शिरस्तेदारा, मी मेलंय तरी माका समजात असा लिही," असे तू म्हणाला असतास. ते जमणार नाही.

तन्वी माझी नात, आणि ती स्वमग्न आहे. हे वाक्य अंकाच्या वाचकांसाठी; तुला त्याची गरज नाही. तिचा बाप जहाजावर, आई शुभदा दिवसभर पतसंस्थेत. घरी राहणारा माणूस मी. प्राथमिक शाळेत एक गुरुजी होते आणि एक खोली होती, तोवर तिचे निभावले. आठवीला ती मोठ्या शाळेत आली. तिथे दर तासाला माणूस बदलतो, आवाज बदलतो, शिस्तीची कल्पना बदलते, आणि दोन तासांच्या मध्ये घंटा होते. पहिल्याच दिवशी पहिली घंटा झाली आणि तन्वी जिन्याखाली जाऊन बसली. दोन्ही कानांवर हात, कपाळ गुडघ्यांना. शिक्षकांनी हाका मारल्या, शिपायाने बिस्किटे दाखवली, मला घरून बोलावले, मीही हाका मारल्या.

तू तेव्हा चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाला होतास. रंगांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे राहिली होती, ती द्यायला आला होतास. कोणाला काही विचारले नाहीस. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसलास आणि खिशातल्या पेन्सिली चाकूने तासू लागलास.

मी म्हटले, "अरे, तेका भायर काढ."

"ता येतला तेवा येतला. तू आधी लोकांका घालव."

मी लोकांना घालवले. ते काम मला येते. शाळा सुटायच्या सुमारास ती बाहेर आली, तुझ्या पेन्सिलींची टोके एकेक करून पाहिली आणि म्हणाली, "ही बोथट आसा." तू ती पुन्हा तासलीस. तिच्याकडे वळून पाहिले नाहीस, शाबासकी दिली नाहीस, नाव विचारले नाहीस. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा त्याच पायरीवर होतास. त्या आठवड्याच्या शेवटी वर्गाच्या दाराशी एक लाकडी खुर्ची आली, आणि तन्वी दहावीत गेली तरी ती तिथून हलली नाही. पगार नाही, पद नाही, नेमणुकीचा कागद नाही. मी तुला म्हटले होते, कागद करून घे, उद्या कोणी विचारले तर काय दाखवशील? तू म्हणालास, "खुर्ची दाखयन."

तू तिथे बसून काय करीत असस, हे लोकांना शेवटपर्यंत कळले नाही. वर्गाच्या दाराबाहेर एक लहान काळा फळा टांगलास. रोज सकाळी त्यावर त्या दिवसाचे तास, शिक्षकाचे नाव, आणि काही बदल असेल तर तो बदल. 'आज इतिहास नाही. बाई रजेवर. ग्रंथालय.' बस्स. घंटेच्या आधी तू खुर्चीवरून हात वर करीत असस. तो पाहून ती कान झाकून घेई, घंटा होई, हात खाली येई, वही उघडे. मराठीच्या सरांची तक्रार होती की ती बोलताना डोळ्यांत बघत नाही, हा उद्धटपणा आहे. तू त्यांना वऱ्हांड्यात गाठून म्हणालास, "सर, ता कानान आयकता. डोळ्यान नाय. तुमी तेच्या कानांका शिकवा." उत्तर न सुचले की ती गप्प होई आणि शिक्षकांना तो हट्ट वाटे. तू तिला एक वाक्य शिकवलेस : माहीत नाही. "म्हायत नाय तर 'म्हायत नाय' म्हणुचा, बाय. तेका कोण हसाचो नाय." पहिल्यांदा वर्ग हसला. तू खुर्चीवरून उठलास आणि दारात नुसता उभा राहिलास. मग कोणी हसले नाही.

गावात विचारणारे भेटत. अशा मुलांना काहीतरी दैवी देणगी असते म्हणे, तिचे काय? गणित? पाठांतर? तू गंभीरपणे सांगायचास, "गणितात पस्तीस पडतत. माझ्यापेक्षा पाच जास्त." विचारणारा हिरमुसून जाई. मला तुझे ते उत्तर आवडत असे. मी तसे कधी म्हटले नाही.

आता वादाकडे येतो.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तू माझ्या पडवीत येत असस. मी तुला पहिल्याच वर्षी सांगितले होते की तू तिला कुबडी देतो आहेस. कुबडीची सवय लागली की पाय विसरतो. तू म्हणालास, पाय मोडलेल्याला आधी उभे तर राहू दे. मी म्हटले, तिचा पाय मोडलेला नाही, तुझीच उपमा चुकली. तू म्हणालास, उपमा तुझी आहे, शिरस्तेदारा. असे आपण पुष्कळ रविवार घालवले. पण एका रविवारी मी तुला सरळ प्रश्न विचारला.

"तू गेल्यावर काय?"

"मी गेलंय तर तू आसस मा."

"मी तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"मरणात सिनियॉरिटी नसता रे."

आणि तू हसलास. शुभदाने आतून चहा आणला आणि विषय तिथेच राहिला. तो प्रश्न अजून अनुत्तरित आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी तू मला न विचारता माझ्यावर टाकलीस. ही माझी मुख्य तक्रार.

त्या शुक्रवारी तुझ्या छातीत दुखत होते. डॉक्टरांनी गोव्याला जायला सांगितले होते, तपासणीसाठी. इथला माणूस आजारी पडला की गोव्याला जातो. त्यात कोणाला विशेष वाटत नाही, तुलाही वाटले नाही. शाळा सुटल्यावर तू तन्वीला सांगितलेस, उद्या शनिवार, सकाळची शाळा, खुर्चीवर आजो बसतील. सोमवारी मी येतंय. ती म्हणाली, लिवा. तू फळ्यावर लिहिलेस : सोमवार : सर येतील.

पास्कोल, या मुलीला तू कधी मोघम बोलला नाहीस. 'बघू', 'जमलं तर', 'लवकरच' हे शब्द तू शिक्षकांच्या तोंडातून काढून टाकलेस. मग तो सोमवार तू कशाच्या आधारावर लिहिलास? तुला रिपोर्ट माहीत नव्हता. तुला डॉक्टर माहीत नव्हता. 'माहीत नाही' हे वाक्य तुझ्या पिशवीत होते, आणि तू ते वापरले नाहीस.

रविवारी तू तिथेच गेलास. सोमवारी तुला मालवणात आणले आणि संध्याकाळी पुरले. तुझ्या सन्मानार्थ शाळेला सुटी दिली. शिक्षक वारले की शाळा बंद ठेवायची, ही आपली रीत. मी शाळेत असताना आपल्या गणिताच्या मास्तरांसाठीही ठेवली होती. कोणाचे काही चुकले नाही. फक्त तन्वी सकाळी गणवेश घालून फाटकाशी गेली तेव्हा फाटकाला कुलूप होते. मी तिला सांगितले, सर वारले. तिने कुलूप हलवून पाहिले. फाटकातून वऱ्हांड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "शाळा नाय. सर येवक नाय. सोमवार झालोच नाय."

मंगळवारी शाळा उघडली. शिक्षकांनी तुझ्या खुर्चीवर तुझा फोटो ठेवला होता, फोटोला झेंडूचा हार, पायाशी उदबत्ती. तुझ्या हयातीत तुला हार घालण्याची कोणाची छाती झाली नसती. आणि तुझ्या फळ्याचे काय केले ते सांगतो. तुझ्या जागेवर आलेल्या चित्रकलेच्या तरुण मास्तरांनी त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली होती. सरांचे शेवटचे अक्षर, ते पुसले जाऊ नये म्हणून. मुले येता-जाता त्याला हात लावून नमस्कार करीत होती. फळ्याचा फोटो सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरला. माझ्याही आला, खाली हात जोडलेली चित्रे.

तन्वीने ते वाचले. सोमवार : सर येतील. मग खुर्ची पाहिली. खुर्चीवर माणसाच्या जागी काच होती, आणि वास. ती वळली आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज सकाळी आंघोळ, गणवेश, दप्तर, मी काठी घेऊन मागे. फाटक, वऱ्हांडा, फळा, आणि परत. तिच्या डब्याचे वार ठरलेले आहेत हे तुला माहीत आहे. सोमवारी घावणे. शुभदाने मंगळवारी चपाती भरली तर डबा दप्तरात गेलाच नाही. म्हणून रोज घावणे झाले. शाळा नाही तर डबा तरी जाऊ दे, असे शुभदा म्हणाली. दुपारी तन्वी पडवीत गणवेशातच डबा खाई आणि संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेपर्यंत तिथेच बसे. मला घर सोडून जाता येईना. बाजारात गेलो तर मागे काय होईल याचा नेम नाही. घरात राहिलो तर समोर ती. मीही घावणेच खाल्ले. बाहेर पर्यटकांच्या गाड्या जात, कोळणी ओरडत जात, मोबाइलवर तारीख बदले. आमच्या घरात सोमवार संपत नव्हता.

मी तिला समजावले. मला समजावता येत नाही, तरी समजावले. कॅलेंडर दाखवले. ती म्हणाली, "ता छापलेला आसा. सरांनी लिवलेला येगळा."

मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. त्या भल्या आहेत. समितीतल्या काहींचा विरोध असताना तुझी खुर्ची त्यांनीच राहू दिली. मी म्हटले, फळा पुसून टाका आणि फोटो कार्यालयात हलवा.

"काका, मुलांच्या भावना आहेत. निदान महिन्याची मिसा होईपर्यंत तरी राहू दे. लगेच पुसलं तर लोक काय म्हणतील?"

"माझी नात वर्गात येत नाही."

"मला कळतंय." त्यांनी टेबलावरचे पेपरवेट हलवून ठेवले. "रागावू नका, पण एक सुचवते. सराव परीक्षा तोंडावर आली. तिची हजेरीही खाली जातेय. हे वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बसवा. घरीच अभ्यास करेल, शांतपणे. तिलाही त्रास नाही."

सतरा नंबर म्हणजे शाळा नाही, वर्ग नाही. घरी बसून थेट परीक्षेला. त्या 'शांतपणे' म्हणाल्या. मला पडवी दिसली, आणि पडवीत गणवेश घालून बसलेली एक बाई, चाळिशीची, पन्नाशीची. मी उठलो. "तिलाही त्रास नाही" हे वाक्य मी कोर्टात पुष्कळदा ऐकले आहे. ज्याला खटल्यातून काढून टाकायचे असते, त्याच्याविषयी ते म्हणतात.

शुभदाला सांगितले. ती रडली नाही. म्हणाली, "सरांसारखा माणूस आता कुठून आणायचा, बाबा?" मी म्हटले, आणायचा नाही. पण मग काय करायचे, ते मला ठाऊक नव्हते.

मी तुझ्या घरी गेलो. रोझीवहिनी दारातच बसल्या होत्या. त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "माका पण सांगान गेलो, सोमवारी येतंय, बांगडे घेवन ठेय. मी घेतलंय. सोमवारी सकाळी. तवसर माका कळलेला, तरी घेतलंय."

"मग?"

"मग काय. शेजाऱ्यांका दिलंय." त्यांनी पदराने तोंड पुसले. "चेडवाक सिमितेरीत हाड. तेका दाखय. माका सगळी म्हणतत, पास्कूक देवान नेल्यान, पास्कू वरती आसा. मी तेका खाली ठेयताना बघितलंय. चेडवाक पण बघूक दी."

तन्वीला घेऊन मी आणि वहिनी संध्याकाळी गेलो. दफनभूमीत दुसरे कोणी नव्हते. तुझ्यावर अजून माती आहे, संगमरवर यायचा आहे. लाकडी क्रूस आणि सुकलेली फुले. तन्वी मातीच्या कडेला उभी राहिली.

"सर खंय?"

"खाली."

"किती खाली?"

"ठाऊक नाही."

"श्वास?"

"घेत नाहीत. वारले."

"म्हंजे सोमवारी येवचे नाय."

"नाही."

"मंगळवारी?"

"नाही."

तिने सगळे वार विचारले. मी प्रत्येक वाराला नाही म्हटले. रविवारचे नाव निघाले तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग तन्वी म्हणाली, "सरांनी खोटा सांगल्यानी."

मी म्हटले, "खोटे नाही. त्यांना ठाऊक नव्हते."

"म्हायत नाय तर 'म्हायत नाय' म्हणुचा. सरच म्हणतत."

तुझ्या बाजूने बोलण्यासारखे काही नव्हते. निकाल तिच्या बाजूने लागला आहे, आणि तो तुझ्याच कायद्याने लागला आहे, एवढे तुझे समाधान.

दुसऱ्या दिवशी शाळेत ती फळ्यापाशी थांबली. मी मागे. तिने चिकटपट्टीचे एक टोक नखाने उचलले आणि ओढले. चित्रकलेचे मास्तर धावत आले. "तन्वी, नको, अगं सरांचं अक्षर..." मुख्याध्यापिका बाईही कार्यालयातून बाहेर आल्या. मुले जमली. मी काठी आडवी धरली आणि म्हटले, "हा फळा हिच्यासाठी टांगलेला आहे. तुम्ही सगळ्यांनी तो वाचला, हिनेही वाचला. फरक इतकाच की हिने त्यावर विश्वास ठेवला." मास्तर थांबले. तरुण मनुष्य आहे. त्याचे डोळे भरले. त्याने तुझ्यावरच्या प्रेमापोटी केले होते.

प्लास्टिक निघाले. तन्वीने तुझी ओळ तळहाताने पुसली, सगळी, विसर्गासारखे ते दोन ठिपकेसुद्धा. मग मला खडू दिला.

"लिही."

"काय?"

"खरा."

मी लिहिले : सर वारले. ते येणार नाहीत. माझे अक्षर कोर्टाचे, सगळे एका ओळीत चिकटलेले. मागे कोणीतरी हुंदका दिला. कोणीतरी कुजबुजले, असे लिहितात काय शाळेत. तन्वीने वाचले, मान हलवली आणि विचारले, "आज काय?"

कोणाला कळले नाही. मला कळले. "आज कोणते तास आहेत, ते तिला हवे आहे," मी म्हटले. मुख्याध्यापिका बाईंनी एकेक तास सांगितला आणि मी लिहून घेतला. भूगोलाच्या तासाला बदल होता, तोही लिहिला. मग बाईंनी स्वतः तुझा फोटो उचलला, हारासकट, आणि कार्यालयात घेऊन गेल्या. खुर्ची मोकळी झाली. तन्वीने खुर्चीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. मी बसतो असे काही म्हटले नाही. बसलो.

तेव्हापासून बसतो आहे.

पास्कोल, ही खुर्ची वाईट आहे. तिची पाठ सरळ नाही, आणि दारातून येणारा वारा थेट मानेवर बसतो. समोर खिडकीला गज, गजांमागे नारळ, नारळामागे दिवसभर तेच आकाश. घंटा कधी होणार हे लक्षात ठेवावे लागते. निवृत्तीनंतर मी घड्याळ कपाटात ठेवले होते, ते काढले. हात वर करायचा विसरलो तर एका मुलीचा तास जातो. मला खोकला आला तर वर्ग वळून बघतो. लघवीला जायचे तर दोन घंटांच्या मध्ये. या वयात मनुष्य जगाला थोडा नकोसा होतो आणि त्यात त्याला एक मोकळीक असते. माझी ती मोकळीक तू घेऊन गेलास. तू सुटलास. मी दहावीत आहे.

तू तिच्यासाठी जे केलेस, त्याची बरोबरी मला करता येणार नाही. हे मी मान्य करतो आणि पुढे जातो. पण तू सगळा भार एका खिळ्याला टांगलास, आणि खिळा तू होतास. मी त्या जागी दुसरा खिळा ठोकणार नाही. बाईंशी बोललो आहे. फळा आता आठवड्यातून काही दिवस चित्रकलेचे मास्तर लिहितात, काही दिवस मराठीचे सर. होय, तेच. घंटेचा हात करण्याचे काम तिच्या बाकाशेजारच्या सानिकाने मागून घेतले. सानिका बडबडी आहे, दोनदा विसरली, तन्वीने तिला सुनावले, "तुका जमणा नाय तर सांग." सानिका म्हणाली, "जमता गो. भूक लागली की इसारतंय." तन्वीने यावर विचार केला आणि मधल्या सुटीच्या आधीच्या घंटेसाठी मला ठेवले. असे चालले आहे. सराव परीक्षेला बसवायचे बाईंनी मान्य केले आहे. हजेरीचे त्या बघतील. तिच्यासाठी लेखनिक घ्यावा, असे माझे मत अजून आहे. तिचे अक्षर तिचे आहे, ते तिनेच लिहावे, असे तुझे होते. तिला विचारले. "म्हायत नाय," म्हणाली. तेव्हा तो वाद तिच्याकडे वर्ग केला आहे.

एक राहिले. खुर्चीवर बसू लागल्यानंतर थोड्याच दिवसांनी, घरी येताना, मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर तिने मला विचारले, "आजो, तू कधी मरतलस?"

टोपलीपाशी बसलेली बाई दचकली. म्हणाली, "गो बाय, असा इचारू नये मोठ्या माणसाक."

मी तिला म्हटले, "विचारू दे." आणि तन्वीला म्हटले, "ठाऊक नाही."

"मग उद्या येतंय, असा म्हणा नको."

"म्हणणार नाही."

"मग काय म्हणशीत?"

मी कोर्टात असंख्य जबान्या लिहून घेतल्या. शपथेवर माणसे काय काय बोलतात ते ऐकले. इतक्या कमी शब्दांत इतकी अवघड अट मला कोणी घातली नव्हती. मी चालत राहिलो. वळणावर आल्यावर म्हटले, "ज्या दिवशी आहे, त्या दिवशी म्हणेन, आज आहे."

"बरा," ती म्हणाली.

ते सोपे नाही, पास्कोल. तिला उद्या हवा असतो. उद्या ठरलेला असला तरच तिला आजची झोप लागते, हे तूच मला सांगितले होतेस. आणि उद्या देण्याची सोय तू काढून घेतलीस. पहिल्या रात्री ती झोपली नाही. शुभदा तिच्या शेजारी बसून होती. नंतर थोडी झोपली. मी काही करू शकत नव्हतो. दोन शब्द उच्चारले असते तर ती शांत झोपली असती. ते मी उच्चारले नाहीत.

काल मला ताप होता. फार नाही, अंग कणकण करीत होते. संध्याकाळी ती पडवीत आली आणि उभी राहिली.

"उद्या?"

"ठाऊक नाही," मी म्हटले.

ती तशीच उभी राहिली. बोटे एकमेकांत अडकवून, सोडवून. आतून शुभदा काही बोलणार होती, मी हाताने थांबवले. मग तन्वी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. तिने गणवेश काढून, झटकून, खुंटीला लावला. पुन्हा कपाट उघडले. माझा शाळेत घालायचा सदरा घेऊन आली, पाठीवर चुरगळलेला, आणि तो गणवेशाच्या शेजारच्या खुंटीला लावला.